उस्मानाबाद, धाराशिव आणि एक बाकडं

आमचं गाव पाहायचं तर ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यापासून पायीच निघावं. गल्लीत दखनी ऐकू येते. बाजारात येईतो तीच माणसं मराठवाडी बोलू लागतात. मधे चहाचं हॉटेल. माझी मराठी तिथल्या बाकड्यावर पिकली. २०२० मध्ये फादर दिब्रिटोंच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथं भरलं, तेव्हा बाकड्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

निजाम उस्मान अलींच्या नावाचं उस्मानाबाद २०२३ मध्ये सरकारदरबारी धाराशिव झालं. खेड्यातली म्हातारी माणसं आधीपासून धाराशिवच म्हणत. माझ्या दाखल्यावर मात्र जुनंच नाव. त्या दिवशी बाकड्यावर आवाज चढले. एकानं विचारलं, "कविसाहेब, आता तुम्ही कुठले?"

म्हटलं, "ह्याच बाकड्यावरचा. सरका जरा."