उगवणारं चित्र



डिसेंबर 2020 मध्ये आपल्या कळंब तालुक्यातल्या निपाणी गावच्या शेतात एक चित्र उगवलं. शरद पवार यांच्या 80व्या वाढदिवसाच्या निमित्तानं कलावंत मंगेश निपाणीकर यांनी ते पेरलं होतं. रंगांच्या जागी अळीव, मेथी असलं बियाणं. चित्र कुणाचं, हे आज बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते त्या बियांबद्दल.

बियांचं असं चित्र म्हणजे एक प्रकारचं कोलाजच. कोलाज म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्र. पिकासो आणि ब्राक यांनी 1912 मध्ये कागदाचे कपटे चित्रावर डकवले, तेव्हा त्यांना खळ लागली. अळिवाला तीही लागत नाही. चिमूटभर अळीव बशीत भिजत घाला. थोड्याच वेळात प्रत्येक तांबूस दाण्याभोवती काचेसारखं बुळबुळीत आवरण धरतं. बाळंतिणीसाठी अळिवाची खीर करणाऱ्या प्रत्येक आजीनं ते पाहिलेलं आहे. त्याच चिकटपणानं दाणा मातीला धरून राहतो, ओल टिकवतो, आणि दोन-तीन दिवसांत मोड येतो.

तुळजाभवानीच्या या मुलखात हे नवं कुणाला वाटेल? नवरात्रात घटाभोवती काळी माती पसरून आपण धान्य पेरतोच की. पहिले दोन दिवस नुसती माती. मग ती जराशी फुगते, तडकते आणि सुईसारखा कोंब वर येतो. देव्हाऱ्याच्या अंधारात वाढलेली ही कोवळी रोपं, म्हणजे धनं, पिवळी असतात, अंगणातली तीच रोपं हिरवीगार. इंग्लंडमधल्या हेदर ॲक्रॉइड आणि डॅन हार्वी यांनी नेमक्या याच गुणावर गवतात माणसांचे चेहरे उमटवले: उजेड पडला तिथं हिरवं, सावली राहिली तिथं पिवळं.

एका गोष्टीचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. असं शेत ऐन हिरवं असताना वरून ड्रोननं फोटो निघतो, गर्दी होते, आणि मग तिकडं कुणी फिरकत नाही. खरं चित्र तर तिथून पुढं सुरू होतं. मेथी फोफावते, कडा एकमेकींत घुसतात, कपाळ कुठं संपलं आणि केस कुठं सुरू झाले ते कळेनासं होतं. घटाची धनं आपण दसऱ्याला टोपीत खोवतो, कानावर ठेवतो. वाढ संपली म्हणून त्यांना टाकून देत नाही.

तेव्हा आपल्या भागात पुन्हा असं शेत पेरलं गेलं, तर पहिल्या दिवशी जाच, पण महिना-दीड महिन्यानंही बांधावर जाऊन उभे राहा. अळिवाला तोवर बारीक पांढरी फुलं आलेली असतील.