डॉक्टर, वैद्य आणि एक वही



संयोजकांनी मला आरोग्यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, मी सॉफ्टवेअरवाली काय बोलणार? उत्तर आलं, डॉक्टर काय सांगतील ते आम्हाला पाठ आहे, तू पेशंटच्या बाजूने बोल.

आपल्या ग्रुपवर रोज सकाळी कारल्याचा रस, जवस आणि मेथीचं पाणी येतं. दुपारपर्यंत दोन तट पडतात, गोळीवाले आणि काढेवाले. गंमत अशी, की बहुतेकजण दोन्ही घेतात. फक्त डॉक्टरांना काढ्याचं सांगत नाहीत आणि वैद्यांना गोळीचं. एकात्मिक उपचार म्हणजे दोन्हीचं गाठोडं नव्हे. कोण काय घेतंय हे उपचार करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणं, ही त्याची पहिली अट आहे.

माझ्या बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी त्यांना कायमची आहे. त्यासाठी आयएनआर नावाची तपासणी करतात आणि बाबांचा आकडा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. दोन वर्षांपूर्वी तो ५.८ आला. हिरड्यांतून थोडं रक्त येत होतं, तेवढ्यावर निभावलं. डॉक्टरांनी विचारलं, "काका, नवीन काय सुरू केलंत?" बाबा म्हणाले, "काही नाही. औषध नाहीच, हळद आहे." गुडघ्यांसाठी नात्यातल्या कुणीतरी दिलेल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ते महिनाभर घेत होते. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा. अर्कामुळे या गोळीचा परिणाम वाढू शकतो.

दुसरीकडे, कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी पालक-मेथी पूर्ण बंद केली होती. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं, हे खरं. पण डॉक्टर म्हणाले, भाजी खा, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच खा, गोळीचा डोस आपण त्यावर बसवू. आईने मंगळवार आणि शुक्रवार पालेभाजीला नेमून दिले. शिवाय एक दोनशे पानी वही केली. गोळ्या, चूर्णं, तेलं, आयएनआरचे आकडे, सगळं तारखेनिशी त्यात.

ती वही आम्ही गुडघ्यांसाठी वैद्यबाईंनाही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पोटात घ्यायचं काहीच दिलं नाही. कोमट तेलाने मालीश, रात्रीचं जेवण लवकर, सकाळी सपाट रस्त्यावर चालणं, एवढंच. औषध न देणाऱ्या वैद्यांवर माझा तेव्हापासून फार विश्वास बसला आहे.

काढेवाल्यांनी रागावू नये. सर्पगंधेचं उदाहरण घ्या. आपल्याकडे ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, दाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जग या मुळीकडे वळलं. पुढे तिच्यातून काढलेल्या औषधामुळे काहींना नैराश्य येतं, हेही दिसलं. गुण करणारी वस्तू दोषही करू शकते, मग ती झाडाची का असेना. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून डबी घेताना त्यात काय आहे, हे विचारायला लाजू नका.

आता ताटाकडे येते. माझं एचबीए१सी ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी डॉक्टरांना विचारून एकेक बदल केला. आमच्या धंद्यात एका रात्रीत दहा बदल केले, तर कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं ते कळत नाही. शिवाय ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे दर आठवड्याला सुई टोचून उपयोग नसतो.

भाकरीचं कौतुक मलाही आहे, पण ज्वारीतही पिष्ट भरपूर असतं. आजोबा तीन भाकऱ्या खायचे आणि दिवसभर औत धरायचे. मी खुर्ची धरते. म्हणून दीड भाकरी, भाताची छोटी मूद, आणि उरलेल्या जागेत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, भाजी, कोशिंबीर. सुरुवात कोशिंबीर-उसळीने. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. वर्षभराने आकडा ५.६ झाला. माझी गोळी सुरूच झालेली नव्हती. ज्यांची सुरू आहे, त्यांनी माझं ऐकून एकही गोळी बंद करायची नाही. इन्सुलिन तर मुळीच नाही.

आज जेवणात जिलेबी आहे, मीही खाणार आहे. दुपारी चार वाजता सातवी 'ब'च्या वर्गात आपले दोन डॉक्टर मित्र बसणार आहेत. येताना गोळ्यांची पाकिटं आणा आणि पर्समधल्या, खिशातल्या त्या पुड्या-डब्याही आणा. वह्या मी आणल्या आहेत, दारातच मिळतील.