वर गॅस, खाली वीज?



नवं घर घेतलं किंवा जुन्याच स्वयंपाकघराचं काम काढलं, की ओट्याचा दगड, टाइल्स, ट्रॉल्या यांच्यावर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. शेगडी मात्र दुकानात अर्ध्या तासात ठरते. साधी तीन बर्नरची शेगडी घ्यायची असेल तर त्यात फारसं बिघडत नाही. पण कुकिंग रेंज, म्हणजे वर चार-पाच बर्नर आणि खाली त्याला जोडूनच ओव्हन असं एकसंध उभं यंत्र, घ्यायचं मनात असेल तर अर्धा तास पुरत नाही. ते महागही असतं, आणि गॅसची नळी कुठून आणायची, विजेचा पॉइंट कुठे काढायचा हे त्यावर ठरतं.

दुकानदार दोन रेंज दाखवतो. दोन्हींचा वरचा भाग सारखाच, गॅसचा. एकीचा ओव्हन गॅसवर चालतो, दुसरीचा विजेवर. ही दुसरी म्हणजे ‘ड्युअल फ्युएल’, दोन इंधनांची. वर गॅस असावा हे मी गृहीत धरते. फुलका, भाकरी, भरताचं वांगं, पापड यांना ज्योत लागते. तेव्हा प्रश्न उरतो तो खालच्या कप्प्याचा.

गॅसच्या ओव्हनमध्ये बर्नर तळाशी असतो. गरम हवा वर चढते आणि वरच्या छिद्रांतून बाहेर जाते. ज्योत जळत राहायला ताजी हवा आत यावी लागते, म्हणून ही ये-जा थांबवता येत नाही. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी पूर्ण जळला तर त्यातून दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. म्हणजे गॅसच्या ओव्हनमधली हवा दमट असते, विजेच्या ओव्हनमधली कोरडी. पाव किंवा भाजलेली कोंबडी यांना हा ओलावा मानवतो. नानकटाई, बिस्किटं, खारी यांना कोरडी आच हवी. शिवाय शंभर-सव्वाशे अंशांची मंद आच तासभर टिकवणं गॅसला अवघड जातं, कारण ज्योत एका मर्यादेपलीकडे बारीक करता येत नाही. विजेच्या ओव्हनमध्ये वर आणि खाली अशा दोन कॉइल असतात, बऱ्याच ओव्हनमध्ये मागे पंखाही असतो. आच सगळीकडे सारखी लागते आणि दोन ट्रे एका वेळी भाजता येतात.

‘वरून आच’ ही काही परदेशी कल्पना नाही. कोकणात काकडीचं धोंडस करताना पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर निखारे पसरत. गोव्यातलं बेबिंक तर वरच्या निखाऱ्यांशिवाय होतच नाही. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक आणि साखर यांच्या मिश्रणाचा एक थर ओतायचा, तो वरून तांबूस भाजायचा, त्यावर तूप आणि मग पुढचा थर. हे ज्या घरात होतं, त्यांना नुसत्या तळाच्या बर्नरचा ओव्हन उपयोगी नाही. बाजारात एक तिसरा प्रकारही मिळतो. ओव्हन गॅसचा, पण छताला विजेचा ग्रिल. वरून रंग आणायला तो पुरतो. भाजायचा मुख्य भार मात्र गॅसवरच राहतो.

इंग्रजी पाककृतींत ‘गॅस मार्क ४’ असं लिहिलेलं आढळतं. ब्रिटनमधल्या गॅसच्या ओव्हनवर आकडे असत, त्याची ती भाषा. मार्क ४ म्हणजे साधारण १८० अंश सेल्सिअस, नेहमीच्या केकचं तापमान. आपल्याकडच्या रेंजवर काय छापलं आहे ते घेण्याआधी पाहावं. काही स्वस्त रेंजवर नुसतं ‘कमी-जास्त’ असतं. अशा ओव्हनमध्ये केक अंदाजानेच भाजावा लागतो. माझ्या मते गॅसचा असो वा विजेचा, तापमानाचे आकडे नसलेला ओव्हन घेऊ नये.

आता विजेचं. अमेरिकेतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे जपून घ्यावा. तिकडच्या घरातले नेहमीचे सॉकेट १२० व्होल्टचे. विजेच्या ओव्हनला २४० व्होल्ट लागतात, म्हणून दोन इंधनांची रेंज घेणाऱ्याला वेगळी जाड वायर ओढून घ्यावी लागते. तो खर्च टाळायला अनेक जण पूर्ण गॅसची रेंज निवडतात. आपल्याकडे घरभर २३० व्होल्टच आहेत. १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर साडेतीन किलोवॉटपर्यंतचा भार घेता येतो, आणि घरगुती रेंजचा ओव्हन बहुधा दोन-अडीच किलोवॉटचा असतो. मात्र त्याच पॉइंटवर गीझर किंवा मायक्रोवेव्ह जोडू नये, आणि मल्टिप्लग तर नकोच. जुन्या इमारतीत आधी इलेक्ट्रिशियनकडून वायरची जाडी आणि अर्थिंग तपासून घ्यावं. रेंजचा सगळा सांगाडा धातूचा असतो आणि गृहिणी ओल्या हातांनीच तिला स्पर्श करते.

वीज जाते त्याचं काय, हा प्रश्न गावाकडचे लोक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. जिथे वेळीअवेळी तास-दोन तास वीज जाते, तिथे अर्धवट भाजलेला केक ओव्हनमध्ये बसतो. लायटरने किंवा काडीने पेटणारा गॅसचा ओव्हन अशा ठिकाणी उजवा. नेहमी वीज असणाऱ्या शहरात हा मुद्दा फारसा उरत नाही.

खर्चाची धास्ती मात्र लोक उगाच घेतात. ओव्हन तापवणं धरून एक केक भाजायला साधारण एक ते दीड युनिट वीज लागते. महिन्यातून चार केक केले तर बिलात जाणवणार नाही. रोज पाव भाजून विकणाऱ्या घराचं गणित वेगळं. त्यांनी आपला युनिटचा दर आणि सिलिंडरचा भाव घेऊन हिशेब मांडावा.

सुरक्षेबद्दल थोडं सविस्तर बोलते. शेगडीची ज्योत डोळ्यांसमोर असते, विझली तर दिसते. ओव्हनची ज्योत दाराआड असते. विझली आणि गॅस साचत राहिला तर कळत नाही, आणि नंतर कुणी काडी ओढली तर भडका उडतो. म्हणून गॅसचा ओव्हन पेटवताना आधी दार उघडायचं, मग पेटवायचं, ज्योत स्थिर झाली की दार लावायचं. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी झडप काही रेंजमध्ये असते, काहींत नसते. दुकानात हे स्पष्ट विचारा. गॅसचा ओव्हन घेणार असाल आणि घरात वयस्कर आई किंवा सासूबाई एकट्या स्वयंपाक करत असतील, तर ही झडप नसलेली रेंज मी घेऊ देणार नाही.

हवेचंही आहे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो श्वसनमार्गाला त्रासदायक. पोळ्यांची वीस मिनिटं आणि ओव्हनचा सलग एक तास यांत फरक आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल, स्वयंपाकघराला एकच छोटी खिडकी असेल, तर विजेचा ओव्हन बरा. त्यातून गरम हवाही कमी बाहेर येते. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पाइप गॅस येणार असलेल्या इमारतीत आणखी एक खबरदारी. पाइप गॅस आणि एलपीजी यांचे जेट वेगळे असतात. एलपीजीच्या रेंजला पाइप गॅस जोडायचा तर वरच्या सगळ्या बर्नरचे जेट बदलावे लागतात, ओव्हन गॅसचा असेल तर त्याचाही, आणि हे काम कंपनीच्या अधिकृत माणसानेच करायचं. ओव्हनचे बदली जेट मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारावं. विजेच्या ओव्हनला हा व्याप नाही.

आणि ज्यांच्या घरी ओव्हन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मुलाच्या वाढदिवसाला लागतो, त्यांनी रेंज घेऊच नये. चांगली शेगडी आणि टेबलावर मावणारा छोटा विजेचा ओव्हन घ्यावा. रेंजच्या बंद कप्प्यात कढया आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवलेली मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत. ज्यांनी घ्यायचं ठरवलंच आहे, त्यांनी ओट्यातली जागा मोजताना ओव्हनचं दार पूर्ण उघडल्यावर समोर उभं राहायला किती जागा उरते, तेही मोजून जावं.