रानात घडलेली चूक आणि आपलं शरणपूर

(शेणवा येथील हितचिंतक मेळाव्यात केलेलं भाषण)



दर मेळाव्यात मी आपल्यापुढे बालवाडी, आरोग्य शिबिरं आणि वीटभट्टीवरून परतलेल्या मुलांची शाळा यांचा वृत्तांत ठेवतो. तो याही अंकात छापून येणार आहे, तो जरूर वाचा. आज मात्र मला बंदुकीबद्दल बोलायचं आहे. चर्चच्या माणसाने या विषयात का पडावं, असं काहींना वाटेल. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. पालघर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे ही माणसं आपल्याला परकी नाहीत. जंगलात ती पांगली. झाडीत हालचाल दिसली, डुक्कर समजून एकाने गोळी झाडली आणि ती आपल्याच सोबत्याला लागली. तो गेला. घाबरलेल्या सोबत्यांनी प्रेत झुडपात लपवलं आणि गप्प राहिले. पोलिसांना कळलं ते काही दिवसांनी. मग अटका झाल्या आणि वर्तमानपत्रांत बातम्या आल्या.

या घटनेत दोन गोष्टी आहेत. एक ती गोळी, आणि दुसरी म्हणजे त्यानंतरचे ते मुके दिवस. गोळी एका क्षणात सुटली, पण गप्प राहण्याचा निर्णय त्या माणसांनी रोज सकाळी उठून पुन्हा घेतला असेल. मेलेल्याच्या घरचे वाट बघत होते आणि ज्यांना ठाऊक होतं ती माणसं त्यांच्याच ओळखीची होती. मला गोळीपेक्षा हे गप्प राहणं जास्त छळतं.

आधी गोळीचं बोलू. आपल्या शहापूर-मुरबाड भागात शिकार नवी नाही. कातकरी माणूस गलोल, फासे आणि कुत्रा घेऊन रानात जात आला आहे. भातकापणी झाली की खाचरातले उंदीर, बांधावरचा ससा, तितर, लावा हेच त्याचं कालवण. वाडीवर शिकार आली की वाटे पडत, म्हाताऱ्या बाईच्या घरीही वाटा जाई. आज तेही कायद्यात बसत नाही, ते पुढे सांगतो. पण त्या शिकारीत माणूस मरत नव्हता, हे लक्षात घ्या. जनावराच्या जवळ गेल्याशिवाय ती शिकार होतच नाही, आणि जवळ गेलं की समोर काय आहे ते दिसतं.

बंदुकीने हे अंतर वाढवलं. आपल्याकडे जी सापडते ती बहुधा ठासणीची. नळीत दारू घालायची, चिंधी कोंबायची, वर छर्रे ठासायचे. गावठी बनावटीची नळी कधी हातातच फुटते, बोटं जातात, डोळा जातो. रात्री कपाळाला बॅटरी बांधून माणसं पांगतात, काही हाका घालतात, काही वाटेवर दबा धरून बसतात. कोण कुठे आहे हे कुणालाच धड ठाऊक नसतं. पाचोळा वाजला की चाप ओढायचा. ज्या देशांत शिकारीला परवाना मिळतो, तिथे बहुतेक ठिकाणी आधी शिक्षण घ्यावं लागतं, आणि अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत भडक नारिंगी कपडे घालावे लागतात, ते याच कारणासाठी. आपल्याकडे शिकारच बेकायदा, त्यामुळे सगळं अंधारात चालतं आणि सावधगिरी शिकवणारं कुणी नसतं.

बंदुकीइतकाच वाईट तो गावठी बॉम्ब. कणकेच्या किंवा चरबीच्या गोळ्यात स्फोटक भरून डुकरासाठी टाकतात. डुकराच्या आधी तो कुत्र्याच्या, गाईच्या तोंडात जातो, नाहीतर खेळणाऱ्या पोराच्या हातात. केरळमध्ये मे २०२० मध्ये एक गाभण हत्तीण तोंडात अशाच स्फोटकाने जखमी होऊन, नदीत उभी राहून मेली, ते चित्र आपण सर्वांनी पाहिलं आहे. शेताभोवतीच्या तारेत करंट सोडणं हाही तसाच प्रकार. पहाटे शेतावर येणारा पहिला जीव बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच घरचा असतो.

आता कायदा. पाड्यांवर मी जसा सांगतो तसाच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या नवव्या कलमाने शिकारीला बंदी आहे. ससा असो की रानडुक्कर, परवानगीशिवाय मारता येत नाही. बिबट्या, मोर, खवले मांजर हे पहिल्या अनुसूचीत येतात आणि त्यांच्यासाठी किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. बंदुकीचा कायदा १९५९ चा, आणि २०१९ मध्ये तो आणखी कडक झाला. विनापरवाना बंदूक बाळगली तर दोन ते पाच वर्षं. ती बनवली किंवा विकली तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

पुष्कळ जण मला म्हणतात, दादा, वनहक्काचा दावा मंजूर झाला, आता जंगल आपलं. खरं आहे. पण २००६ च्या त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क स्पष्टपणे वगळलेला आहे. आणि पाचव्या कलमात ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे तानसा अभयारण्याच्या कडेला राहणारा आमचा माणूस आता त्या रानाचा राखणदार आहे. हे त्याला मानाने सांगावं लागतं. दमात सांगून उपयोग नाही.

दमात सांगून उपयोग का नाही, यालाही इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्याच्या यादीत कातकऱ्यांना बसवलं. म्हणजे जन्मतःच चोर. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. मधल्या काळात, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरणजवळ चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरी होता. या समाजाने बंदूक आधी पाहिली ती आपल्याकडे रोखलेली. खाकी कपडे दिसले की आजही वाडीतली माणसं रानाकडे सरकतात. ती भीती आजोबा-पणजोबांकडून आलेली आहे.

आणि या भीतीचा फायदा घेणारेही आहेत. शहरातून गाडी येते. बंदूक त्यांची, बॅटरी त्यांची, वाटाड्या आमचा. पाचशे रुपये आणि मांसाचा एक वाटा. धाड पडली तर गाडी निघून जाते आणि सापडतो तो पायी चालणारा. काळवीट शिकारीच्या १९९८ च्या खटल्यात एका प्रसिद्ध नटाला ५ एप्रिल २०१८ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि ७ एप्रिलला जामीन मिळाला. जामीन मिळणं हा त्याचा हक्कच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या वाटाड्याला जामीनदारच मिळत नाही. सातबारा दाखवायला कोण उभा राहणार?

आता त्या मुक्या दिवसांकडे येतो. एका पाड्यावर मी मनोरची हकिगत सांगत होतो. म्हणालो, असं कधी घडलंच तर लपवू नका, ताबडतोब सांगा. एक बाई उठली आणि म्हणाली, "दादा, सांगायचं कुनाला? खरं सांगलं तर माझ्या मानसाला सोडवनार कोन?" सभा शांत झाली. तिला उत्तर द्यायला मला अनुवादाच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आठवला.

आपण तो अध्याय क्वचित वाचतो. त्यात दोन माणसं लाकडं तोडायला रानात जातात. कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं, सोबत्याला लागतं आणि तो मरतो. मारणाऱ्याच्या मनात वैर नव्हतं. अशा माणसासाठी देव शरणपुरं नेमायला सांगतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो प्रसंग आणि बोरशेतीचं रान यांत मला फारसा फरक दिसत नाही. तिथे कुऱ्हाड होती आणि इथे बंदूक.

या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी बघा. पहिली, शरणपुराकडे जाणारा रस्ता तयार ठेवायला सांगितलं आहे, कारण वाट लांब असेल तर भेदरलेला माणूस मध्येच मारला जाईल. दुसरी, यहोशवाच्या विसाव्या अध्यायात तो माणूस नगराच्या वेशीत उभा राहून वडिलांना सगळी हकिगत सांगतो. म्हणजे आसरा मिळतो तो खरं बोलल्यावर. तिसरी, जाणूनबुजून खून करणाऱ्याला तिथे आसरा नाही. शरणपूर म्हणजे गुन्हा लपवण्याची जागा नव्हे. खरं बोलायला घाबरू नये म्हणून ती जागा होती.

नाशिकचं शरणपूर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने ती ख्रिस्ती वस्ती वसवली आणि हेच नाव दिलं. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. आपल्या आधीच्या पिढ्यांनी या शब्दाला घरं, शाळा आणि कामाचं स्वरूप दिलं. आपण निदान एक रस्ता तरी तयार करू शकतो.

त्या बाईला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पुरावा लपवला तर तो वेगळा गुन्हा. लपवल्याने काही कमी होत नाही, वाढतंच. जखमी माणूस जिवंत असेल तर गप्प बसण्यात त्याचा जीव जातो. अनुसूचित जमातीच्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. रात्री कितीही वाजलेले असोत, आमचा एक कार्यकर्ता त्याच्याबरोबर आधी दवाखान्यात आणि मग पोलीस ठाण्यात जाईल, आणि खटला संपेपर्यंत त्याच्या घरी जात राहील. मेलेल्याच्या घरीही जाईल, तिथे तर आधी. शिक्षा झाली तर ती भोगावी लागेल. पण ती भोगताना तो एकटा नसेल आणि मेलेल्याला माती मिळालेली असेल.

पण मुळात बंदूकच घरातून गेली पाहिजे. हे होऊ शकतं. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ पांगती गावात २०१२ मध्ये अमूर ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात होते. पुढच्याच वर्षी गावाने ते थांबवलं. त्यात ग्रामपरिषद, वन्यजीव कार्यकर्ते आणि वनखातं यांच्याबरोबर चर्चही होतं. अरुणाचलमध्ये मार्च २०२१ पासून लोकांनी आपणहून दोन हजारांच्या वर एअरगन जमा केल्या. तिथे शिकारीची परंपरा आपल्यापेक्षा घट्ट आहे. तरी लोकांनी ती सोडली.

आमच्या पाड्यांवर बंदूक जायची असेल तर तिचं काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवं. डुकरं एका रात्रीत वरई-नाचणी नांगरून टाकतात. वर्षभराचं पोट जातं. वनखात्याकडून पीक नुकसानीची भरपाई मिळते, पण अर्ज लगेच करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो आणि कागद लागतात. त्रास देणाऱ्या डुकरांबाबत वनाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करण्याचीही वाट कायद्यात आहे. हे अर्ज भरून देणारी, शिकलेली दोन-चार तरुण मुलं प्रत्येक पाड्याला हवीत. कोंबड्या, शेळ्या आणि शेतावर राखणीला बसायला चांगला माळा, ही छोटी मदतही बंदुकीची गरज कमी करते.

शेवटी आपल्याबद्दल. उत्पत्तीत एसाव शिकारी होता हे आपण शिकवतो, पण इसहाकाला शिकारीचं मांस आवडत होतं हे विसरतो. म्हाताऱ्या बापाच्या जिभेला चव होती म्हणून मुलगा धनुष्य घेऊन रानात गेला, आणि त्याच जेवणावरून ते घर फुटलं. आपल्यापैकी कुणी सहलीला, फार्महाउसला या भागात येतं आणि सहज विचारतं, "रानचं काही मिळेल का?" विचारणाऱ्याला ती गंमत वाटते. ऐकणाऱ्याच्या घरात तेव्हा पीठ संपलेलं असतं. तो रात्री बाहेर पडतो. कृपा करून हा प्रश्न विचारू नका, आणि दुसरा कुणी विचारत असेल तर त्याला थांबवा. आपली मुलं बंदूक हातात घेऊन मोबाईलवर फोटो टाकतात, त्यांच्याशीही बसून बोला.

आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. मंडळीत कुणी वकील असतील तर त्यांनी महिन्यातला एक दिवस या कामाला द्यावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी एका कुटुंबाच्या शेळ्या-कोंबड्यांचा खर्च उचलावा. आणि सर्वांनी प्रार्थनेत बोरशेतीच्या त्या घरांची आठवण ठेवावी, ज्याचा माणूस गेला त्या घराची, आणि ज्यांच्या हातून तो गेला त्यांच्या घरांचीही. त्या सगळ्यांची पोरं एकाच रानाच्या कडेला वाढत आहेत.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.