गाडी येईपर्यंत
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, लेखन व गणित ह्यांच्या अपेक्षित क्षमतांविषयी पुष्कळ उपयुक्त चर्चा झाली. मी जो विषय घेऊन आपणांपुढे उभा आहे तो कोणत्याही इयत्तेच्या अनुक्रमणिकेत स्वतंत्रपणे आढळणार नाही. घरात अकस्मात कोणास साप चावला, कोणी भाजले, कोणाचा श्वास अडकला, रुग्णवाहिकेस निरोप गेला आहे, पण ती येण्यास वेळ लागत आहे, अशा प्रसंगी घराने काय करावे, आणि ते करता यावे म्हणून आधीपासून कोणती तयारी ठेवावी, हा तो विषय होय.

आपल्या राज्यात २०१४ सालापासून १०८ ह्या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. रात्रीबेरात्री फोन केला तरी ती विनामूल्य येते आणि तिच्यात डॉक्टर असतो. गरोदर माता व तान्ही बाळे ह्यांच्यासाठी १०२ हा क्रमांक आहे. ह्या सोयीचे मोल फार मोठे आहे. तथापि गाडी रस्त्यावरूनच येते. पावसाळ्यात साकव पाण्याखाली जातो, दरड कोसळते, जवळची गाडी दुसऱ्या रुग्णास घेऊन तालुक्यास गेलेली असते. हा उशीर कमी करणे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याविषयी आपण आग्रह धरलाच पाहिजे. परंतु गाडी येईपर्यंतचा वेळ कोणाच्या हाती असतो? तो घराच्या हाती असतो, शेजाऱ्यांच्या हाती असतो. ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो. कशी शिकलो ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

मी एका डोंगराळ भागातील शाळेवर होतो. आषाढातील एका रात्री माझ्या चौथीच्या वर्गातील एक मुलगा पोट दुखते म्हणून उठला. तो जमिनीवर घोंगडी अंथरून निजला होता. अंगावर जखम नव्हती, साप कोणी पाहिला नव्हता. घरच्यांनी अपचन समजून ओवा दिला, पोट शेकले. पहाटे त्याच्या पापण्या मिटू लागल्या, आवंढा गिळता येईना, तेव्हा वडील माझ्याकडे धावत आले. आम्ही फोन केला. पुढे व्हायचे ते झाले. रुग्णालयाच्या दाराशी पोहोचण्यापूर्वीच मुलाचा श्वास थांबला होता. त्यास मण्यार चावली होती.

गाडीस उशीर झाला, असे आम्ही सर्वजण वर्षभर म्हणत राहिलो. एके दिवशी मी पाटीवर हिशेब मांडावा तसा त्या रात्रीचा हिशेब मांडला. रात्री दोन वाजता मूल उठले. फोन साडेचार वाजता झाला. अडीच तास ओव्यात व शेकण्यात गेले. आमच्या वाडीच्या नावाची दुसरी वाडी त्याच तालुक्यात आहे. घाबरलेल्या माणसाने केवळ नाव सांगितले, गाडी तिकडे वळली, त्यात पाऊण तास गेला. वस्ती ओढ्यापलीकडे, डोलीसाठी बांबू व दोर शोधण्यात अर्धा तास गेला. असे पावणेचार तास आमच्या घरांत व आमच्या गावात गेले. गाडीचा प्रत्यक्ष प्रवास चाळीस मिनिटांचा होता.

आणखी एक गोष्ट ह्या हिशेबात धरावी लागते. विषारी सापांचा पाठ मी त्या वर्गास त्याच वर्षी शिकवला होता. मण्यारीच्या अंगावरील पांढरे पट्टे फळ्यावर काढून दाखवले होते. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले होते. पण ती रात्री निजलेल्या माणसास चावते, वेदना जवळजवळ होत नाहीत, पोटात दुखते, हे मी सांगितले नव्हते. कारण ते मलाच ठाऊक नव्हते. हजेरीपटावरील त्या नावापुढे तांबड्या शाईची रेघ मलाच ओढावी लागली.

त्या हिशेबातून जे चार धडे मला मिळाले तेच आज आपणांपुढे ठेवतो.

पहिला धडा भिंतीवरच्या कागदाचा. प्रत्येक घरात दाराजवळ एक कागद चिकटवलेला असावा. त्यावर मोठ्या अक्षरांत १०८ व १०२ हे क्रमांक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा व आशाताईंचा फोन, तसेच गावात ज्यांच्याकडे जीप वा रिक्षा आहे अशा दोघांचे फोन असावेत. त्याखाली आपला पूर्ण पत्ता: वाडी, ग्रामपंचायत, तालुका, कोणत्या रस्त्यावरचा कोणता फाटा, आणि फाट्यावरील ठळक खूण. घरातील वृद्ध माणसास कोणते औषध चालू आहे, कोणास मधुमेह, दमा वा आकडी आहे, गरोदर बाईची तारीख कोणती, हेही लिहावे. घाबरलेल्या माणसास स्वतःच्या गावाचे नाव नीट सांगता येत नाही. पण लिहिलेले वाचून दाखवता येते. फोनवर प्रथम ठिकाण सांगावे, मग काय झाले ते, रुग्ण शुद्धीवर आहे काय व श्वास घेतो काय ते सांगावे, आणि पलीकडील माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये. ज्या वस्तीत फोनची रेंज मिळत नाही, तेथे ती कोणत्या टेकाडावर वा कोणाच्या अंगणात मिळते, हेही कागदावर असावे.

दुसरा धडा वाटेचा. फोन होताच एका माणसाने बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहावे. गाडी दूर असेल तर वाट पाहत बसू नये. गावातील वाहनाने रुग्णास घेऊन निघावे आणि गाडी वाटेत कोठे भेटेल हे फोनवरच ठरवावे. रस्ता नसेल तेथे दोन मजबूत बांबू, दोर व कांबळे सार्वजनिक ठिकाणी, देवळात किंवा शाळेच्या पडवीत, कायम ठेवलेले असावे, आणि ते दुसऱ्या कामास कोणी नेऊ नये. सर्पदंशावरील प्रतिविष आपल्या भागात कोणत्या रुग्णालयात मिळते, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे.

तिसरा धडा पेटीचा. ह्या पेटीस फार खर्च येत नाही. धुऊन उन्हात वाळवलेले सुती कापड, पट्ट्या, कात्री, साबण, हातमोजे, ताप पाहण्याची नळी, क्षारसंजीवनीची पाकिटे, चालू स्थितीतील बॅटरी आणि हातापायास आधार देण्याजोग्या दोन सरळ फळ्या, एवढे पुरे. उरलेल्या, नाव न समजणाऱ्या गोळ्या मात्र तिच्यात साठवू नयेत. पेटी मुलांच्या हातास लागणार नाही, पण मोठ्यांस अंधारात सापडेल, अशा जागी असावी.

चौथा धडा हातांचा, आणि तोच सर्वांत कठीण आहे. कारण येथे शिकण्याइतकेच विसरणेही आवश्यक आहे.

सर्पदंश झाल्यास चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण, करगोटा, काळा दोरा हे सूज येण्यापूर्वी काढावे. चावलेल्या अवयवास फळी बांधून तो हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये, धीर द्यावा, वेळ लिहून ठेवावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारींवर आपल्याकडे एकच प्रतिविष दिले जाते; म्हणून साप मारून नेण्याच्या नादात वेळ दवडू नये. आणि पावसाळ्यात, रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पोटात एकाएकी दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले, तर जखम दिसो वा न दिसो, मण्यारीची शंका घेऊन निघावे. मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू लुळे करते. हृदय मात्र चालू असते. अशा वेळी वाटेत कोणी तोंडाने श्वास देत राहिला, तर रुग्ण यंत्रापर्यंत जिवंत पोहोचू शकतो. खाटेवर निजणे, किंवा जमिनीवर निजल्यास मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचणे, हा ह्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

विंचवाची गोष्टही अशीच. कोकणातील विंचूदंशाने होणारे मृत्यू टाळण्यासाठी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग सिद्ध करून दाखवला. उपाय सापडलेला आहे. पण तो रुग्णालयात आहे. उतारा उतरवण्यात गेलेला वेळ त्या उपायाच्या वाट्यास येत नाही.

इतर प्रसंगांतील नियम थोडक्यात सांगतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून जखमेवर हाताने घट्ट दाब द्यावा आणि पुनःपुन्हा उघडून पाहू नये. भाजल्यास वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. शाई, चुना, टूथपेस्ट लावू नये. आकडी आल्यास कांदा वा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या वस्तू दूर करून आकडी ओसरताच कुशीवर वळवावे. कीटकनाशक पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. अंगावरील कपडे काढून अंग धुवावे व बाटली सोबत न्यावी. कुत्रा चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि लस त्याच दिवशी सुरू करावी. बुडालेल्या मुलास उलटे टांगण्यात किंवा त्याचे पोट दाबण्यात वेळ घालवू नये; श्वास नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा. मोठ्या माणसाचा श्वास एकाएकी थांबला तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावे. हे वाचून येत नाही. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांस शाळेत बोलावून ते गुडघ्यांवर बसून शिकले पाहिजे.

घरचे हात काय करू शकतात ह्याचे एक उदाहरण देतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज ह्यांची पाकिटे करवून घेतली, ती पाण्यात मिसळून पिंपे भरली, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजण्यास सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारच्या खाली आले. तीच क्षारसंजीवनी होय. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावे. चमचा चहाचा घ्यावा. जुलाब होणाऱ्या बाळास ते घोट घोट पाजणारी आई त्या घटकेस डॉक्टराचेच काम करीत असते.

काहीजण अपघातातील माणसास हात लावण्यास कचरतात. पोलिसांचा ससेमिरा लागेल अशी भीती असते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही गोष्ट पालकसभेत अवश्य सांगावी.

आता आपणांस एकच विनंती. ह्या सर्व गोष्टी एकदम करू गेलो तर एकही होणार नाही. म्हणून शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिसरीपासून वरच्या प्रत्येक मुलास भिंतीवरचा तो कागद शुद्धलेखन म्हणून लिहावयास द्यावा. पत्ता घरी विचारून आणावा, आपण तो तपासावा, आणि मुलाने तो स्वतःच्या हाताने घरी चिकटवावा. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन मुलांस फोनवर निरोप कसा द्यावा ह्याचा परिपाठात सराव द्यावा. संकटाचा भार मुलांवर टाकावा असे माझे म्हणणे नाही. मोठ्या माणसास जागे करणे व कागद वाचून दाखवणे, एवढेच त्यांचे काम. परंतु ज्या घरात दुसऱ्या कोणास वाचता येत नाही, त्या घरात रात्री दोन वाजता तेवढेच काम सर्वांत मोठे ठरेल.

आपण शिकवलेले अक्षर एखाद्या रात्री कोणाचा जीव वाचवण्यास उपयोगी पडले, तर त्याहून मोठे फळ शिक्षकाने कोणते मागावे? माझ्या हातून ते काम एका मुलाच्या वेळी राहून गेले. आपल्या हातून ते राहू नये, म्हणून आपला एवढा वेळ घेतला.