उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग



मेंडेलने वाटाण्याच्या ७३२४ बिया मोजल्या : ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेल्या. आपण तीनास एक हे प्रमाण आधी फळ्यावर लिहितो, मग मुलांना रंगीत मणी देऊन तेच 'शोधायला' सांगतो. आकडे जुळले नाहीत, तर मुले जर्नलमध्ये जुळवून घेतात. (खुद्द मेंडेलचे आकडेही जरा जास्तच जुळतात, असे फिशर यांनी १९३६ साली दाखविले होते!) याला संशोधन कसे म्हणावे?

अराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातील चिमुकली वनस्पती. पेरल्यापासून साधारण सहा आठवड्यांत तिचे नवे बी हाती येते. तिचा जनुकसंच २००० साली वाचून झाला. जनुके पंचवीस हजारांवर. पण पुष्कळांचे कार्य अद्याप अज्ञात आहे. अमेरिकेतील 'अनपॅक' प्रकल्पात पदवीच्या विद्यार्थ्यांनी एकेक जनुक निकामी केलेली रोपे साध्या रोपांबरोबर वाढविली आणि त्यांच्या शेंगा मोजल्या. असा फरक बहुधा इतका बारीक असतो, की पाचदहा रोपांत तो ओळखू येत नाही. पुष्कळ रोपे लागतात, म्हणजे मोजणारे हातही पुष्कळ लागतात. नवशिक्या विद्यार्थ्याची खरी गरज भासते ती इथे. उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसते, त्यामुळे आकडे कशाशी जुळवायचे हा प्रश्नच उरत नाही. 'फरक आढळला नाही' हीसुद्धा नोंद करावीच लागते.

परीक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की प्रामाणिकपणे मोजलेल्या, पण न जुळणाऱ्या आकड्यांचे गुण कापू नका.