संजीवनाची कसोटी
(स्वागताध्यक्षीय भाषण)





‘संजीवन आणि आजची आफ्रिकी मंडळी’ हा परिषदेचा विषय आम्हाला परका नाही. १९०५ साली पुण्याजवळच केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन आले; मुली प्रार्थनेत ढसाढसा रडल्या आणि आपली पापे उघडपणे कबूल करू लागल्या. मराठी मंडळीने ती आठवण जपली आहे.

आफ्रिकेत १९२९ साली कंपालाच्या नामिरेंबे टेकडीवर युगांडाचे सिमेओनी न्सिबांबी आणि रवांडातल्या गाहिनी मिशन इस्पितळाचे इंग्रज डॉक्टर जो चर्च शास्त्र उघडून एकत्र प्रार्थनेला बसले. पुढे गाहिनीत संजीवन आले. काळे आणि गोरे एकमेकांसमोर उभे राहून पापांची कबुली देऊ लागले. लोकांनी चोरलेल्या वस्तू मालकांना परत नेऊन दिल्या. वसाहतीच्या त्या काळात साहेबाने आफ्रिकी माणसाची क्षमा मागणे ही साधी गोष्ट नव्हती. ही लाट पूर्व आफ्रिकाभर पसरली. याच संजीवनात घडलेले युगांडाचे आर्चबिशप जनानी लुवुम हुकूमशहा इदी अमीनच्या जुलमाविरुद्ध बोलले आणि १९७७ साली त्यांना प्राण गमवावे लागले.

पण त्याच रवांडात १९९४ सालच्या वंशसंहारात न्यामाता आणि न्तारामाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या हजारोंची कत्तल झाली. मारणाऱ्यांतही बाप्तिस्मा घेतलेले लोक होते. संजीवन आलेल्या देशात हे कसे घडले, या प्रश्नाला आफ्रिकेतले ईशज्ञानी तेव्हापासून भिडत आले आहेत. पश्चात्ताप एकट्याच्या चोरी-व्यसनापाशी थांबला आणि वंशद्वेषाला त्याने हात लावला नाही, तर ते संजीवन अपुरे, असे मला ठामपणे वाटते. सभेला गर्दी किती जमली, यावरून संजीवन मोजता येत नाही. वैऱ्याला भाऊ म्हणता आले का, हीच त्याची कसोटी.

ही कसोटी आम्हालाही लागू आहे. आमच्या मंडळ्यांत सोयरिकीच्या वेळी जात आजही विचारली जाते. म्हणून आफ्रिकेतून आलेल्या पाहुण्यांनो, आमची भीड न धरता बोला. तुमची मंडळी हे रक्ताचे मोल देऊन शिकली आहे. आम्हाला ते ऐकायचे आहे.

अध्यक्षांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.

जय ख्रिस्त!